वाचक विचारतात : जनरल वैद्य, ज्येष्ठता आणि ब्लू स्टार

प्रश्न : ठाण्याहून गोरेगावला कामाला जाताना ‘जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग’ ही पाटी दिसते. त्यांना ज्येष्ठ अधिकाऱ्याला डावलून लष्करप्रमुख केलं होतं म्हणे. हे नियमात बसतं का? आणि त्यांना पुरती तीन वर्षं का मिळाली नाहीत? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : बसतं. ज्येष्ठतम अधिकाऱ्यालाच प्रमुख करावं असा कायदा नाही, तो पायंडा आहे. नेमणुकीवर केंद्रीय मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती शिक्कामोर्तब करते. १९८३ मध्ये उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते. निवड झाली पूर्व विभागाच्या वैद्यांची. सिन्हांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. २०१६ मध्ये बिपिन रावत लष्करप्रमुख झाले तेव्हाही प्रवीण बक्षी आणि पी. एम. हारिझ हे ज्येष्ठ अधिकारी मागे राहिले. सरकारला हा अधिकार जरूर आहे, पण कारण स्पष्ट सांगितलं नाही की निवडलेल्या माणसाच्या कर्तृत्वावरच विनाकारण शंका घेतली जाते. वैद्यांच्या बाबतीत ती सर्वस्वी अन्यायाची आहे.

मुदतीचं गणित सोपं आहे : ३ वर्षं किंवा ठरलेली वयोमर्यादा, जे आधी येईल ते. तेव्हा ही मर्यादा ६० होती (आता ६२ आहे). वैद्यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ चा आणि निवृत्ती महिन्याच्या अखेरीस होते. म्हणून ३१ जानेवारी १९८६ ला, अडीच वर्षांतच, ते पायउतार झाले.

प्रश्न : जनरल वैद्यांना महावीर चक्र दोनदा मिळालं; ते एकाच माणसाला दोनदा कसं मिळतं? ‘ब्लू स्टार’ची, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईची, जबाबदारी त्यांचीच का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : दुसऱ्या वेळी नवं पदक देत नाहीत, फितीवर पट्टी लावतात; तिला ‘बार’ म्हणतात. वैद्यांचं पहिलं १९६५ च्या युद्धातलं. पंजाबातल्या असल उत्तरला त्यांच्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या जुन्या शर्मन रणगाड्यांनी पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना तोंड दिलं. उसाच्या शेतांत पाणी सोडलेलं असल्याने जड पॅटन चिखलात रुतले आणि माऱ्यात सापडले. दुसरं १९७१ च्या युद्धातलं, पाकिस्तानातल्या शकरगढ भागात १६ स्वतंत्र चिलखती (रणगाड्यांच्या) ब्रिगेडचं नेतृत्व केल्याबद्दल. बसंतर नदीपलीकडे पोचलेल्या आपल्या पायदळावर शत्रूचे रणगाडे चालून येण्याची चिन्हं होती. शत्रूने पेरलेले सुरुंग पूर्ण काढेपर्यंत थांबलं असतं तर त्या जवानांच्या मदतीला एकही रणगाडा पोचला नसता. म्हणून याच ब्रिगेडच्या पूना हॉर्स रेजिमेंटने उरलेल्या सुरुंगपट्ट्यातून तसेच रणगाडे घातले.

जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरातून सशस्त्र अतिरेक्यांना बाहेर काढण्याचा आदेश राजकीय होता, प्रत्यक्ष कारवाई पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सुंदरजी आणि मेजर जनरल ब्रार यांच्याकडे होती. तरीही प्रमुख म्हणून जबाबदारी वैद्यांचीच. गुरू अर्जनदेवांच्या शहीददिनाचे भाविक आत असताना कारवाई झाली आणि मंदिराच्या आवारातल्या अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावर रणगाड्याच्या तोफा चालल्या, हे आक्षेप आजही खोडता येत नाहीत. सरकारच्या श्वेतपत्रिकेनुसार ८३ सैनिक मारले गेले, आणि काही शीख पलटणींत बंडही झालं.

प्रश्न : जनरल वैद्यांची हत्या करणाऱ्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली का? – एक वाचक, वाशी

उत्तर : झाली. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात, वैद्य स्वतः गाडी चालवत बाजारातून घरी परतत असताना, मारेकऱ्यांनी मोटारसायकलवरून येऊन ब्लू स्टारचा सूड म्हणून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या हत्येसाठी सुखदेवसिंग सुक्खा आणि हरजिंदरसिंग जिंदा या खलिस्तानवादी अतिरेक्यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात फाशी दिली.