इन्जेन्युअस म्हणजे हुशार नव्हे!

'इन्जेन्युअस स्माइल' म्हणजे हुशार हसू का, असं विचारलंय. नाही हो! हुशार, कल्पक तो इन्जीनिअस. स्पेलिंगमधे एकाच अक्षराचा फरक, तिथे आय आणि इथे यू, पण लोक सर्रास 'व्हॉट ॲन इन्जेन्युअस आयडिया' ठोकून देतात, अगदी ऑफिसच्या प्रेझेंटेशनमधेसुद्धा, आणि माझं डोकं फिरतं. इन्जेन्युअस म्हणजे निष्कपट, पोटात एक ओठात एक नाही असा.

नुसतं 'भोळा' देऊन मोकळे होणारे कोश मला अजिबात पटत नाहीत. भोळ्याला कळत नसतं, ह्याला कळत असूनही हा लपवत नाही. लॅटिनमधे इन्जेनुअस म्हणजे त्याच जागी जन्मलेला, मूळचा. रोमन कवी ज्युवेनल एका झऱ्यापाशी चिडतो, की इथे संगमरवर बसवलाच नसता, काठाला नुसतं हिरवं गवत असतं तर देवता जास्त जवळ वाटली असती, आणि तिथला जो मूळचा दगड, टफ, त्याला त्याने हेच विशेषण लावलंय! किती सुंदर!

मग रोमन कायद्यात इन्जेनुअस म्हणजे जन्मापासून स्वतंत्र, गुलामीतून सुटलेला तो वेगळा, लिबर्टिनस. माझं ठाम मत आहे की मनमोकळेपणाचा अर्थ इथूनच आला, कारण ज्याला मालकाची मर्जी सांभाळत बोलायची सवयच लागली नाही तोच तोंडावर खरं बोलणार. काहीजण 'खानदानी, म्हणून उमदा, म्हणून सरळ' अशी ओढाताण करतात. खानदानी माणसं काय कमी आतल्या गाठीची असतात?

आणि मधला 'जेन' म्हणजे आपला जन् धातूच की, जन्म, जन आणि 'सहज'मधला ज सुद्धा. कर्णाची कवचकुंडलं सहज, म्हणजे अंगासोबत जन्मलेली. आपण 'सहज आलो होतो' म्हणून म्हणून तो शब्द इतका गुळगुळीत केलाय की त्यातला जन्म कोणाला दिसतच नाही.

इन्जीनिअसही ह्याच धातूचा, उपजत बुद्धीवरून आलेला, म्हणून तर घोळ. इन्जेन्युइटी हे नाम खरं इन्जेन्युअसचं, 17व्या शतकातल्या गोंधळात ते इन्जीनिअसकडे गेलं ते गेलंच, आता ह्याला इन्जेन्युअसनेस असं लांबलचक नाम चालवून घ्यावं लागतं. डिसइन्जेन्युअस मात्र बातम्यांत नेहमी भेटतो, माहीत असून नसल्याचा आव आणणारा.

तुमच्या वाक्यात सरळ 'निर्मळ हसू' लिहा.