कॅमेरा पुढच्या सीझनला घ्या, ताई

देवगडहून एका आईचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्स झाली. तिला टीव्ही न्यूजचा कॅमेरा करायचाय आणि गावातल्या एका स्ट्रिंगरबरोबर, म्हणजे चॅनेलला बातमीमागे पैसे घेऊन बातम्या देणाऱ्याबरोबर, मे महिन्यात दोनदा शूटला जाऊनही आली. वडील आंब्याच्या पैशातून तीन लाखांचा कॅमेरा घ्यायला तयार आहेत. आईची धास्ती वेगळीच : ‘विजा चमकत होत्या आणि ही सड्यावर, उघड्या कातळ-माळावर उभी. विचारलं तर म्हणते, गाडी जवळच होती, टायर रबराचे असतात, काही होत नाही. हे खरं का? आणि पोरीला या लाइनला पाठवू का?’

ताई,

आधी विजेचं बोलू. कॅमेऱ्याला उशीर झाला तरी चालेल.

टायरचं खरं नाही. किलोमीटरभर हवा फोडून खाली आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार? गाडीत माणूस वाचतो तो पत्र्यामुळे. वीज पत्र्याच्या बाहेरून वाहते आणि जमिनीत उतरते, आतला माणूस तिच्या वाटेत येत नाही. यालाच फॅरडेचा पिंजरा म्हणतात. बारावीच्या फिजिक्समध्ये लेकीने हे तत्त्व शिकलेलं असणार. म्हणून छत पत्र्याचं हवं आणि काचा पूर्ण वर. रिक्षा, ताडपत्रीची जीप, फायबर बॉडीची गाडी यांचा भरवसा धरू नये. आणि आपल्याकडचे किती स्ट्रिंगर बाइकवर फिरतात! तेव्हा आधी लेकीला विचारा, ‘जवळ होती’ ती गाडी कोणती?

गाडीत बसल्यावर हात मांडीवर. दाराच्या पत्र्याला टेकायचं नाही, चार्जिंगला लावलेली वस्तू हातात धरायची नाही. बॅटरीवरचा कॅमेरा घेऊन आतून, बंद काचेतून शूट करायला हरकत नाही, पण काच खाली करून माइक बाहेर काढायचा नाही. गाडी झाडाखाली लावायची नाही.

वीज दिसली की मनात आकडे मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर ट्रायपॉड तिथेच टाकून आत पळायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. सड्यावर आडोसा नसतो. तिथे सगळ्यात उंच काय, तर ट्रायपॉड आणि त्याच्यामागचा माणूस. आंब्याखाली किंवा मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, शिरणंही चूकच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप तिच्या फोनवर असू द्या. वळीव आणि परतीचा पाऊस, हे दोन काळ विशेष सांभाळायचे.

मी अकरा वर्षं रत्नागिरीत कॅमेरा चालवला. एका ऑक्टोबरात आंबा घाटात ‘अजून एक शॉट’ म्हणून थांबलो आणि हातावरचे केस सरळ उभे राहिले. वीज अगदी जवळ पडणार, याची ती खूण. ड्रायव्हरने कॉलर धरून गाडीत ओढलं. ऑफिसातून फोन आला तो व्हिज्युअल कुठे आहेत, हे विचारायला. म्हणून सांगतो, कुठे थांबायचं हे तिला कुणी डेस्कवरून सांगणार नाही, ते तिलाच ठरवावं लागेल. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. आपल्याकडच्या मोठ्या बातम्या पावसातच होतात.

आता ते तीन लाख. या वर्षी नको. कॅमेरा पावसाळाभर बॅगेत राहिला की भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे धरतात. ती बुरशी. माझी एक चांगली लेन्स चामड्याच्या पिशवीत अशीच गेली. आपल्या दमट, खाऱ्या हवेत लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायची, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्के. एसी गाडीतून बाहेर काढल्यावर काचेवर धुकं धरतं, ते जाईपर्यंत दम धरायचा. या सवयी आधी लागू देत.

तोवर चांगला ट्रायपॉड आणि एक कॉलर माइक घ्या, फोन आहेच. नवख्याची बातमी परत येते ती हलणाऱ्या शॉटमुळे आणि वाऱ्याने खाल्लेल्या आवाजामुळे.

लाइनला पाठवा, मुलगी म्हणून मागे ठेवू नका. पण पदवी सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये टीव्हीसाठी इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफीचा एक वर्षाचा कोर्स आहे, त्याला पदवी लागते. शिवाय स्ट्रिंगरला बातमीमागे पैसे मिळतात, एखादा महिना कोरडाही जातो. त्यावर घर चालेल असं धरू नका.

सध्या पावसाळ्यामुळे मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतील. लेकीला सांगा, त्या पुन्हा पाण्यात उतरतील तेव्हा बंदरावर जाऊन एक मिनिटाची बातमी कर. दहा शॉट, प्रत्येक दहा सेकंद न हलता, आणि एका तरी खलाशाचा स्वच्छ आवाज. मला पाठवू दे. पाहून लिहितो.