ग्रीक शिलालेखांचे संगमरवरी तुकडे उत्खननात सापडले, तर त्यांची नोंद कशी करतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: अथेन्ससारख्या ठिकाणी निघणाऱ्या या तुकड्यांची नोंद प्रत्यक्षात कशी होते, आणि पाच-सात अक्षरांच्या तळहाताएवढ्या दगडासाठी एवढा खटाटोप कशाला. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. अथेन्सच्या मित्रराज्यांच्या खंडणीतला साठावा हिस्सा अथेना देवीला मिळे. त्याच्या इ.स.पू. 454/3 (अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू होई, म्हणून दोन आकडे) पासूनच्या याद्या असलेली पहिली मोठी शिळा आज अथेन्सच्या एपिग्राफिकल म्युझियममध्ये, म्हणजे शिलालेखांच्या संग्रहालयात आहे, ती 180 हून अधिक तुकडे जुळवून उभी केलेली. कुठला तुकडा कुठल्या शिळेचा हे सापडताना कळत नाही, म्हणून प्रत्येकाची नोंद पूर्ण हवी.

नवशिके आधी अक्षरं वाचायला धावतात. माझ्या मते वाचन सगळ्यात शेवटी यायला हवं. दगड हातात आला की पहिल्यांदा सापडल्याची जागा लिहा: खणलेला चौकोन, थर, तारीख, सोबत काय निघालं. 'भिंतीत बसवलेला' किंवा 'भरावात सुटा' हे वेगळं नोंदवा. अथेन्सच्या अगोऱ्यात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, इ.स. 267 च्या हेरुली टोळ्यांच्या हल्ल्यानंतर बांधलेल्या तटात जुन्या इमारतींचे आणि शिळांचे असंख्य दगड चिणले गेले. त्यामुळे सापडल्याची जागा लेखाचं वय सांगत नाही, दगड पुन्हा कधी वापरला गेला ते सांगते. मग क्रमांक. अगोऱ्यातलं अमेरिकन उत्खनन 1931 पासून चालू आहे आणि तिथे शिलालेखांच्या क्रमांकाआधी 'आय' हे अक्षर असतं. क्रमांक थेट दगडावर लिहू नका. आधी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक, नंतर काढता येणाऱ्या राळेचा पातळ थर, त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा एक थर. जागा शक्यतो मूळच्या मागच्या बाजूची. तुटलेल्या बाजूवर लेप दिला तर पुढे जोड तपासताना दोन तुकडे नीट बसत नाहीत.

साफसफाई साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढीच. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने पृष्ठभाग विरघळतो आणि कोरीव रेघांच्या धारा बोथट होतात. पाणी लावण्याआधी भिंगातून अक्षरांचे तळ पाहा, कारण तिथे कधीकधी लाल रंगाचे कण टिकलेले असतात. ते दिसले तर धुणं आणि पुढे सांगितलेला कागदी ठसा दोन्ही थांबवा आणि जतनतज्ज्ञाला बोलवा.

आता सहा बाजू. प्रत्येकीपुढे 'मूळची' किंवा 'तुटलेली' असं लिहायचंच. डावी कड मूळची असेल तर ओळींची सुरुवात तुमच्या हातात आहे. मागची बाजू मूळची असेल तर शिळेची जाडी मिळाली. पण कड सरळ दिसली म्हणून ती मूळची ठरत नाही. तिथलं अक्षर मधोमध कापलं गेलं असेल, तर ती कड नंतर कुणी पायरी किंवा उंबरठ्यासाठी घडवली आहे. जाडी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी मोजा. शिळा बऱ्याचदा खाली किंचित जाड होत जातात, त्यामुळे दोन तुकड्यांच्या जाडीत थोडा फरक आढळला म्हणून ते वेगळ्या शिळांचे समजू नका. दगडाचा प्रकारही, म्हणजे तो कुठल्या खाणीचा, ते लिहा: अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगरातला पेंटेलिक बारीक कणांचा, अभ्रकाच्या शिरा असलेला, हायमेटस डोंगराचा निळसर राखाडी, पारोस बेटाचा मोठ्या, चमकदार स्फटिकांचा.

अक्षरांची उंची आणि ओळींमधलं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजा. इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकातले अथेन्सचे ठराव बरेचदा स्टोइखेडोन पद्धतीचे असतात: चौकटीच्या वहीत लिहावं तशी अक्षरं एकाखाली एक. इथे आडवं अंतर एका अक्षराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत घ्या. दहा अक्षरं असतील तर भागाकार 9 ने, कारण मधली अंतरं नऊच. हीच चूक सर्रास होते. समजा नऊ अंतरं मिळून 13.5 सेंमी, म्हणजे प्रत्येकी 1.5. 'सभेने आणि जनतेने ठरवलं' हे ठरावाचं ठरीव वाक्य जुन्या अथेनी लेखनपद्धतीत 26 अक्षरांचं आहे, म्हणजे त्याला 39 सेंमी लागतात. तुकड्यावर त्यातली चारच अक्षरं असली आणि डावी कड मूळची असली, तरी उरलेली जागा मोजता येते. क्वचित इओटा हे एका उभ्या रेघेचं अरुंद अक्षर शेजारच्या अक्षराच्या घरात कोंबलेला असतो, तेव्हा एका अक्षराचा फरक गृहीत धरा.

फोटो तिरक्या उजेडात काढा, आधी डावीकडून, मग वरून. एकाच दिशेच्या उजेडात त्याच दिशेच्या रेघा हरवतात. मग ठसा. आपल्याकडे शिलालेखांचे ठसे शाईने घेतात, तसं इथे करू नका, संगमरवर शाई शोषतो. भिजवलेला फिल्टर पेपर ओल्या दगडावर पसरून ताठ केसांच्या ब्रशने मध्यापासून कडेकडे ठोकायचा, म्हणजे हवेचे फुगे निघतात. कागद फाटला तर वर दुसरा तुकडा ठेवून पुन्हा ठोका. पूर्ण वाळेपर्यंत काढू नका, ओला सोलला की अक्षरं सपाट होतात. काढण्याआधीच पाठीवर पेन्सिलने क्रमांक आणि वरची दिशा लिहा.

वाचन 1931 च्या लायडन संकेतांनी लिहा: तुटलेला भाग चौकोनी कंसात, शंकास्पद अक्षराखाली टिंब, मुद्दाम खोडलेलं दुहेरी चौकोनी कंसात. खोडलेला खडबडीत पट्टा नीट मोजा. इ.स.पू. 200 मध्ये अथेन्सने मॅसिडोनियाच्या राजघराण्याचे उल्लेख शिळांवरून छिन्नीने काढून टाकले, तेव्हा असा पट्टा हा काळाचाही पुरावा असू शकतो.

कालनिश्चितीत मात्र हात आखडता ठेवा. इ.स.पू. 403/2 मध्ये अथेन्सने सरकारी लेखनासाठी आयोनियन वर्णमाला स्वीकारली, म्हणून ठरावात त्या वर्णमालेतली ईटा-ओमेगा ही अक्षरं दिसणं महत्त्वाचं. पण खाजगी लेखांत ती अक्षरं आधीही येतात. तीन रेघांचा सिग्मा ('स'चं अक्षर, नंतर चार रेघांचं) इ.स.पू. 446 च्या सुमारास संपतो असं बरीच वर्षं मानलं जाई. मग सिसिलीतल्या एगेस्टा शहराशी झालेल्या कराराच्या शिळेवरचं अर्खॉनचं (ज्याच्या नावाने वर्ष ओळखलं जाई त्या अधिकाऱ्याचं) नाव 1990 मध्ये लेसरच्या मदतीने अँटिफोन, म्हणजे इ.स.पू. 418/7, असं वाचलं गेलं, आणि त्या शिळेवर तीनच रेघांचा सिग्मा आहे. म्हणून 'अक्षरवळणावरून' असं कारण लिहून काळ पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्यात द्या.

दोन तुकडे जुळतात असं वाटलं तर कोरडेच लावून पाहा, चिकटवू नका. तुटलेल्या बाजू खरोखर भिडल्या तर 'जोड'. दगड, जाडी आणि अंतरं जुळूनही भिडत नसतील तर 'त्याच शिळेचा, पण न भिडणारा'. दोन्ही वेळा जुने क्रमांक कायम ठेवून एकमेकांच्या नोंदीच्या कार्डावर उल्लेख करा.