ओसीडीमध्ये एक्सपोजर थेरपी म्हणजे नेमकं काय करतात?

ओसीडी म्हणजे नको असलेली शंका किंवा विचार परत परत येणं आणि तो शांत करायला तीच कृती परत परत करणं. म्हणजे कुलूप लागलंय हे दिसतंय, ओढूनही बघितलंय, तरी जिना उतरेपर्यंत डोकं म्हणतं "नक्की लागलंय ना?" की परत वर. आता चेक केल्यावर जे दोन मिनिटं बरं वाटतं ना, तिथेच सगळा घोळ आहे, कारण मेंदू शिकतो की चेक केलं म्हणूनच वाचलो, आणि पुढच्या वेळी शंका अजून जोरात येते. (नुसत्या टापटीपपणाला ओसीडी म्हणू नका प्लीज.)

ओसीडीतल्या एक्सपोजर थेरपीला ईआरपी (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण ती शांत करणारी कृती करायची नाही) म्हणतात, आणि त्यात बरोबर याच्या उलटं करतात. थेरपिस्टसोबत बसून कमी भीतीच्या गोष्टींपासून जास्त भीतीच्या गोष्टींपर्यंत लिस्ट बनवायची, मग समजा जंतूंची भीती असेल तर दाराच्या हँडलला हात लावायचा आणि धुवायचा नाही, बस. सुरुवातीला जीव कासावीस होतो, पण बहुतेक वेळा ते हळूहळू उतरतं, आणि नाही उतरलं तरी सहन होतं हे कळणं पण तितकंच कामाचं. मनातल्या मनात मोजणं, जप करणं, गुगल करत बसणं हेही थांबवायचं, नाहीतर नुसत्या एक्सपोजरचा फारसा उपयोग नाही.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली, आजही पहिल्या पसंतीच्या उपचारांत आहे. बऱ्याचदा जोडीला एसएसआरआय गोळ्या (एक प्रकारची डिप्रेशनवरची औषधं, ओसीडीतही वापरतात) देतात, पण त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात त्यामुळे मध्येच सोडू नका.

आणि घरच्यांनी दर वेळी "हो रे, लागलंय कुलूप" सांगणं हळूहळू बंद करायचं, अर्थात आधी पेशंटशी बोलून ठरवून, अचानक नाही.