पेशीची हालचाल आणि आकार यांत प्रोटीन फॉस्फेटेजचं काम नेमकं काय?

तुमची अडचण अशी की पुस्तकात कायनेजवर (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) पानंच्या पानं आहेत आणि फॉस्फेटेजला ‘फॉस्फेट काढून क्रिया थांबवणारं एन्झाइम’ एवढी एकच ओळ. मग पेशी सरकण्याशी त्याचा संबंध काय? मी नागपुरात एम.एस्सी.च्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते. ही ओळ मला दरवर्षी खटकते, कारण फॉस्फेटेज दर वेळी थांबवतंच असं नाही.

कोफिलिन हे प्रथिन घ्या. पेशीच्या पुढच्या कडेला अ‍ॅक्टिनचे (पेशीच्या सांगाड्यातल्या एका प्रथिनाचे) तंतू वाढत जातात आणि पेशीपटल पुढे ढकलतात. जुने तंतू तोडून अ‍ॅक्टिन पुन्हा वापरायला मोकळं करणं हे कोफिलिनचं काम. लिम-कायनेजने त्याच्या तिसऱ्या स्थानावरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवला की कोफिलिन निकामी होतं. स्लिंगशॉट नावाचं फॉस्फेटेज तो उतरवतं, तेव्हा ते पुन्हा कामाला लागतं. म्हणजे इथे चालू करणारं फॉस्फेटेजच! शिवाय अ‍ॅक्टिनच्या तंतूंना चिकटल्यावर स्लिंगशॉटचा जोर खूप वाढतो, त्यामुळे तोडणी जिथे हवी तिथेच होते.

मायोसिनचं उलट. हे प्रथिन अ‍ॅक्टिनचे तंतू ओढतं. त्याच्या लाइट चेन या छोट्या भागावर फॉस्फेट बसला की पेशी आकसते, मागचं टोक ओढलं जातं. पीपी1 हे फॉस्फेटेज आणि त्याला मायोसिनपाशी नेणारं एमवायपीटी1 हे प्रथिन मिळून तो फॉस्फेट काढतात आणि ताण उतरतो. रो-कायनेज एमवायपीटी1 वरच फॉस्फेट चढवून या जोडीला गप्प करतं. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या कोणालाही हे पटेल: नुसती खेच चालत नाही, वेळेवर ढील द्यावी लागते. पीपी1 एकटं फारसं निवडक नसतं. कुठे आणि कशावर काम करायचं हे एमवायपीटी1 सारखे त्याचे जोडीदार ठरवतात.

पेशीने खालच्या पृष्ठभागाला धरलेली पकड सोडवायला टायरोसीन फॉस्फेटेज (टायरोसीन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट काढणारी) लागतात. उंदराच्या फायब्रोब्लास्टमधून (संयोजी ऊतीतल्या पेशी) त्यांपैकी पीटीपी-पेस्ट हे एक काढून टाकलं तर या पकडी वाढतात आणि पेशी नीट सरकत नाही.

आकाराचा पुरावा तर भयंकर आहे. साचलेल्या पाण्यातलं काही निळं-हिरवं शेवाळ मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतं. ते पीपी1 आणि पीपी2ए ही फॉस्फेटेज बंद पाडतं. यकृताच्या पेशी ते आत ओढून घेतात, मग त्यांच्या सांगाड्यावर फॉस्फेट साचत जातो, सांगाडा कोसळतो, पेशी गोल होऊन एकमेकींपासून सुटतात आणि यकृतात रक्तस्राव होतो. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष गेलं आणि 50 हून जास्त रुग्ण दगावले. फॉस्फेटेजला दुय्यम समजणाऱ्याने एवढं एक उदाहरण वाचावं.

सेमिनारला एकच रेणू घ्यायचा असेल तर कोफिलिन घ्या. फळ्यावर फॉस्फेट चढण्या-उतरण्याचा बाण काढाल तेव्हा तो पेशीच्या कुठल्या टोकाला लागू आहे तेही लिहा; परीक्षक पुढचा प्रश्न बहुतेक तिथूनच विचारतात.