वडिलांची फियाट, इंजेक्शनचा खर्च आणि मोडायची एफडी

पुण्याच्या एका वाचकांनी विचारले आहे : वडिलांनी 1975 साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात घाट चढताना ती बंद पडते, सकाळी चोक ओढूनही लवकर सुरू होत नाही. गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवायचे 2 लाख 40 हजार सांगितले आहेत. मायलेज 12 वरून 15 वर जाईल म्हणतात. गाडी वर्षाला दोनेक हजार किलोमीटर चालते. निवृत्तीला दोन वर्षे आहेत. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या 6 लाखांच्या एफडीतून हे पैसे काढू का?

एफडीला हात लावू नका. इंजेक्शन बसवायचे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे येतोच. पण निवृत्तीच्या तोंडावर अडचणीच्या पैशातले 40 टक्के एका हौसेवर घालणे मला पटत नाही, हौस कितीही जिव्हाळ्याची असली तरी.

आधी मायलेजचा हिशेब संपवू. 2,000 किलोमीटरला आज तुम्हाला 167 लिटर पेट्रोल लागते. 15 चे मायलेज खरेच मिळाले तर 133 लागेल. लिटरला 105 रुपये धरले तर वर्षाची बचत साडेतीन हजार. तेच 2 लाख 40 हजार 7 टक्क्यांनी बँकेत राहिले तर 16,800 रुपये व्याज देतात, आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यातला कर भरूनही साडेअकरा हजार हातात राहतात. म्हणजे पेट्रोल वाचते म्हणून हा खर्च करायचा नाही. करायचाच तर गाडी सुखाने चालावी म्हणून.

आता ती बंद का पडते ते बघू, कारण पैसे तिथेच वाचणार आहेत. तुमच्या गाडीचा एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप, इंजिनालाच बसवलेला असतो. घाटात इंजिन तापले की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, वाफ काही पंपाला ओढता येत नाही, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाते. मग बॉनेट उघडून पंपावर ओला फडका टाकायचा आणि वाट बघायची. फियाट चालवलेल्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. त्यात आता पेट्रोल पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि वॉशर त्यासाठी बनवलेलेच नव्हते; ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉलमुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, म्हणून सकाळचा त्रास वाढतो.

यावर इंजेक्शन हा एकच उपाय नाही. कार्बोरेटर पूर्ण उघडून साफ करून घ्या, नव्या किटने बांधा, जेट आजच्या पेट्रोलला जुळवून घ्या. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या बसवा. टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा आणि नळी एग्झॉस्टपासून दूर न्या. याला 25-30 हजार बाजूला ठेवा आणि एक अख्खा उन्हाळा गाडी चालवून बघा. बहुतेक तक्रार इथेच मिटेल असे मला वाटते.

गॅरेजच्या आकड्यात काय धरले आहे तेही लेखी मागा. कार्बोरेटरला 3-4 पीएसआय दाब पुरतो. बाजारातल्या बऱ्याच इंजेक्शन किटना 40 ते 60 लागतो. म्हणजे नवा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या, टाकीकडे परत जाणारी लाइन, एग्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सरसाठी वेल्डिंग. टाकीत गंज असेल तर आधी ती साफ करावी लागेल, नाहीतर इंजेक्टर तुंबतील. गाडीत अजून डायनॅमो असेल तर अल्टरनेटरही आला, कारण ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, स्थिर वीज लागते. आणि 1,089 सीसीच्या इंजिनासाठी त्याचे ट्यूनिंग करणारा माणूस पाच वर्षांनी कुठे असेल? कार्बोरेटर मात्र गावोगावचा जुना मेकॅनिक उघडू शकतो.

यापेक्षा मोठी गोष्ट कागदपत्रांची आहे. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची आता त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षांची, त्यानंतरच्या फेरनोंदणीचे 5,000. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. इंजेक्शन बसवल्यावर हा दरवाजा बंद होण्याचा धोका मी तरी घेणार नाही, कारण उद्या गाडी विकायची वेळ आली तर तिला भाव मूळपणाचाच मिळेल. दुसरी बाजूही सांगतो : व्हिंटेज नोंदणी झाली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच. तुम्हाला ती दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी. तेव्हा आधी घरी बसून ठरवा, गाडी जपायची आहे की चालवायची आहे.

चालवायची ठरली आणि इंजेक्शन हवेच असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली हा बदल चालतो का ते आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. न कळवलेल्या बदलावरून दावा अडकू शकतो.

पैशाची सोय अशी करा : पुढच्या महिन्यापासून पगारातून दरमहा 10,000 चे आरडी सुरू करा. निवृत्तीच्या दिवशी 2 लाख 40 हजार आणि वर व्याज तयार असेल, एफडी शाबूत राहील, आणि तोवर दोन उन्हाळे गाडीने कार्बोरेटरवर काढलेले असतील. तेव्हाही मन इंजेक्शनकडेच ओढले, तर खुशाल बसवा. फक्त जुना कार्बोरेटर, मॅनिफोल्ड आणि पंप गॅरेजमध्ये सोडू नका. नाव लिहून, खोक्यात भरून घरी आणा.