चोर्ला उतरण्याआधी

बेळगावातून चोर्ला घाट उतरून गोव्याच्या समुद्राचे फोटो काढायला जाणार असशील तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघ. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खालच्या खडकांवर जायचं नाही, फोटो गेला तरी चालेल.

पोचल्यावर कॅमेरा लगेच काढू नकोस. नुसत्या लाटा बघ. कुठली खडकावर फुटते, परतताना पाणी वाळूवर कशा रेघा ओढतं, हे अंगात मुरलं की बोट आपसूक शटर दाबतं. या रेघांसाठी मी शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास उघडं ठेवतो. फार लांबवलं की समुद्राचं धुकं होतं (पुष्कळांना आवडतं ते, मला नाही). सूर्य बुडाल्यावर सगळे गाडीकडे पळतात, तू थांब की! रंग बऱ्याचदा नंतरच चढतात. आणि लेन्स सारखी पुसत राहा, खारे शिंतोडे छोट्या स्क्रीनवर दिसत नाहीत.